सासूची ब्रह्मी

आगबोटीची शिट्टी ऐकू आली की रत्नागिरीच्या मांडवीतली निम्मी माणसं किनाऱ्यावर धावत. राही शिवलकर जात नसे. तिचा नवरा रावजी पडावावर खलाशी होता. आगबोट खोल पाण्यात उभी राहायची आणि तिथून उतारूंची ने-आण करायची ती या पडावांनी. एका वर्षी हंगामाच्या अखेरीला, समुद्र फिरलेला असताना, रावजी शेवटच्या बोटीची माणसं पोचवायला गेला आणि बंदराच्या तोंडाशीच बुडाला. तेव्हापासून राहीने त्या किनाऱ्याकडे पाठ फिरवली. परसातले चार माड, पडवीत बसून सुंभ वळायचं काम आणि एकुलता मुलगा हरिश्चंद्र, एवढ्यावर तिने संसार रेटला. मुलगा मोठा झाला, मुंबईला गेला आणि तिथून ब्रह्मदेशात, रंगूनला.

१९३० सालच्या दिवाळीनंतर तो येतोय असा निरोप आला, तेव्हा मात्र ती बंदरावर गेली. पडाव वाळूला लागला. हरिश्चंद्र उतरला, त्याच्या कडेवर तीन-चार वर्षांची एक मुलगी. त्याच्या मागून लुंगी नेसलेली, केसांचा उंच बुचडा बांधलेली, गालांवर पिवळट लेप लावलेली एक बाई पाण्यात पाय टाकत आली.

"राहीवैनी, ही कोण गो?" शेजारीण काशीने मागून विचारलं.

राहीला ठाऊक नव्हतं. मुलाने तिकडे कुणी ठेवलीय, एवढी कुणकुण तिच्या कानावर होती. लग्न झालं, नात झाली, हे त्याने कधी कळू दिलं नव्हतं.

"आये, ही तुझी सून," हरिश्चंद्र नजर चुकवत म्हणाला. "मा लात."

"काय लात?"

"नाव आहे तिचं. तिकडचं. तू मालन म्हण. आणि ही कमळा."

"नावातच लात आहे, वैनी," काशी कुजबुजली. "सांभाळ."

हरिश्चंद्र थोडेच दिवस राहिला. रंगूनच्या गोदीत उन्हाळ्यात ब्रह्मी आणि हिंदी मजुरांची मोठी दंगल झाली होती. माणसं रस्त्यात कापली गेली होती. हिंदी माणसाच्या घरात राहणारी ब्रह्मी बाई, तिला दोन्हीकडून धाक. "निवळलं की घेऊन जातो," तो म्हणाला. राहीने आणखी काय काय विचारलं. लग्न कुणी लावलं, तिच्या घरचे कोण, ती काय खाते. प्रत्येक प्रश्नाला त्याने निम्मं उत्तर दिलं. जाताना बायकोशी तो बराच वेळ तिच्या भाषेत बोलत होता, आणि बोलताना दोघांनीही दोनदा राहीकडे वळून बघितलं. ते बघणं राहीच्या मनात रुतून बसलं.

तो गेला आणि घरात दोन बायका उरल्या, ज्यांच्यात एकही शब्द सामाईक नव्हता.

पहिल्याच आठवड्यात एका दुपारी राही सुंभ वळत बसली होती. मालन माजघराच्या दारात येऊन उभी राहिली, हात पुढे केला आणि म्हणाली, "ये."

राही जागची हलली नाही.

"ये, ये," मालन पुन्हा म्हणाली.

सासूला कुत्र्यासारखी बोलावते! राहीने हातातला काथ्या आपटला आणि ती परसात निघून गेली. मालनने मग आपणच रांजणात तांब्या बुडवला. राहीने अजून तिला चुलीला आणि पाण्याला शिवू दिलं नव्हतं. त्या दिवशी रांजण उपसून, घासून पुन्हा भरेपर्यंत संध्याकाळ झाली, आणि जेवलं कुणीच नाही.

कमळा भराभर मराठी बोलायला लागली. आजीशी मराठी, आईशी ब्रह्मी. अंगणातून पडवीत पाऊल टाकता टाकता तिची जीभ पालटायची. पण आईशी तिचं जे काही चाले ते हळू आवाजात, परसातल्या फणसाखाली. त्या कुजबुजीत एक शब्द पुन्हा पुन्हा यायचा आणि तो राहीला नेमका ऐकू यायचा. अफवा. अफवा अशी, अफवा तशी. कसली अफवा? कोणाची? राही जवळ गेली की दोघी गप्प.

"काय बोलली गो आय तुझी?"

"काय नाय," कमळा म्हणायची, आणि पळायची.

काशी दुपारची विडा खायला येई आणि जाताना काहीतरी पेरून जाई. मालनने फणसाखाली एक मडकं पुरून ठेवलं होतं. त्यात जवळा आणि मीठ घालून तोंड फडक्याने घट्ट बांधलं होतं. "सुकवलेला जवळा आपणही खातो," काशी म्हणाली, "पण कुजवून कोण ठेवतं? आणि पोरीच्या तोंडाला ते काय फासते रोज? करणीच्या देशाची माणसं ही." राहीने मालन न्हायला गेलेली बघून मडकं उघडलं. वासाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने करवंटीत थोडं काढून मांजराला घातलं आणि दिवसभर मांजरावर नजर ठेवली. मांजराने करवंटी चाटून लख्ख केली, चुलीजवळ झोपलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फणसाखाली जाऊन ओरडायला लागलं.

"मांजराला करणी लागत नसेल," काशी म्हणाली.

राहीला ते पटलं नाही, पण मनही निवळेना. हे सगळं अंदाजाने चाललं होतं. ही बाई माझ्या घरात, माझ्या नातीच्या कानात रोज काहीतरी ओतते आहे आणि मी बहिऱ्यासारखी बसून आहे, या विचाराने तिला जेवण गोड लागेना.

त्या वेळी रत्नागिरीत ब्रह्मी बोलणारं आणखी एक माणूस होतं. ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी इथे आणून ठेवलं, तेव्हा त्याच्या लवाजम्याबरोबर एक पोरवयाची दासी आली होती. पुढे राजा वारला, त्याची माणसं परत गेली, टेकडीवरचा वाडा ओस पडला. ही मात्र एका बिजवर माळ्याशी लग्न लावून टेकडीच्या पायथ्याला राहिली. तिचं मूळ नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून लोक तिला सखू म्हणत. माळी मरून गेला होता. सावत्र मुलगा शिवा आणि त्याची बायको यांच्या घरात ती मागच्या पडवीत चिरूट वळत बसायची.

भैरीच्या देवळात जाते असं सांगून राही एका सकाळी तिच्याकडे गेली. जाताना जवळ्याची पुडी घेऊन गेली.

"मला तुमची भाषा शिकव."

सखूने चिरुटाचं पान जिभेने ओलं केलं. "या वयात? कशाला?"

"सुनेशी बोलायला."

"बोलायला की ऐकायला?"

राहीने जवळ्याची पुडी पुढे सरकवली. सखूने पुडी हुंगली आणि पदराखाली ठेवून दिली. "बस," ती म्हणाली.

राहीला वाटलं होतं, दोन-चार महिन्यांत ही भाषा पकडीत येईल. पहिल्याच दिवशी तिचा तो भ्रम फिटला. सखू म्हणाली, "सा." राही म्हणाली, "सा." "छे. याचा अर्थ झाला, लिहिलेलं. मी म्हटलं, जेव. सा." "सा." "आता याचा अर्थ झाला, सुरू कर." राही चिडली. तिला तिन्ही सारखेच ऐकू येत होते. सखूने मग तिला तिच्याच घरातल्या गोष्टी देऊन समजावलं. एक सा खाली बसलेला, भरलेल्या घागरीसारखा. एक वर चढवून लांब सोडायचा, माडावरून हाक मारतात तसा. आणि एक चटकन तोडायचा, कोयतीने देठ तोडल्यासारखा. राही घरी येताना वाटेवर तिन्ही म्हणत आली, आणि घरी पोचेपर्यंत तिन्हींचा एकच सा झाला होता.

संशय होता म्हणून ती टिकली. शब्द डोक्यात राहत नव्हते, जीभ दातांत धरून काढायचा एक आवाज तर महिनाभर निघेना, शिवाची बायको भिंतीआडून हसायची. दुसरी कुणी असती तर दुसऱ्या आठवड्यात सोडून देती. राहीचं मन उठलं की तिला फणसाखालची कुजबुज आठवे, आणि ती पुन्हा टेकडीची वाट धरी. सखूवर तरी तिचा विश्वास कुठे होता? ही त्याच मुलखाची. मुद्दाम भलते शब्द शिकवत असेल तर? राही एकच शब्द आज सरळ विचारी, आठ दिवसांनी आडून विचारी, आणि सखूचं उत्तर ताडून बघे.

"मला पारखतेस काय गो?" सखूने एकदा विचारलं.

"विसरले म्हणून विचारलं."

"विसरत तर तू खूप. पण पारखायला बरी लक्षात ठेवतेस."

ये म्हणजे पाणी, हे कळलं त्या दिवशी राही घरी आली आणि तिने मालनसमोर तांब्या भरून ठेवला. मालनने तो लगेच उचलला नाही. आधी तिने तांब्याकडे बघितलं, मग सासूकडे, आणि राही आत गेल्यावर तिने ते पाणी तुळशीत ओतलं. राहीने ते खिडकीतून बघितलं. म्हणजे तिचाही माझ्यावर भरवसा नाही, हे तिच्या ध्यानात आलं. चोराच्या मनात चांदणं, असं ती मनाशी म्हणाली. पण चोर नक्की कोण, हे तिला नीट सांगता आलं नसतं.

सुंभ वळताना ती शब्द घोकू लागली. काथ्याचे दोन पेड मांडीवर फिरवायचे आणि प्रत्येक वळशाला एक शब्द. ओठ हलायचे, आवाज नाही. कधी निसटायचा. एके दुपारी काशी दबक्या पावलांनी आली आणि खांबाआड उभी राहून तिने ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी मांडवीभर झालं की राहीवैनीला सुनेने भारलंय, ती एकटीच बसून त्या भाषेत पुटपुटते.

"भैरीला गाऱ्हाणं घाल," काशी येऊन म्हणाली. या खेपेला ती पडवीत बसली नाही, पायरीवरच उभी राहिली. "कौल लाव. वेळ गेली नाय अजून."

राहीला खरं सांगता येईना. सांगितलं तर ते मालनपर्यंत पोचणार. इतक्या वर्षांची शेजारीण आता तिच्याकडे त्याच नजरेने बघत होती, ज्या नजरेने त्या दोघी मिळून मालनकडे बघत आल्या होत्या.

शिमग्याच्या सुमाराला एक दिवस अचानक कान उघडले. फणसाखाली मालन कमळाच्या उवा काढत बसली होती आणि राही भिंतीच्या अलीकडे होती. एरवी जो आवाजांचा नुसता लोट असायचा त्यातून एक अख्खं वाक्य सुटं होऊन बाहेर आलं. आजीच्या काथ्यावर पाय देऊ नको, ती ओरडते. मग दुसरं. हलू नको, दुखेल. अफवा नव्हतीच ती. अफ्वा. अफ्वा म्हणजे आजी. हे सखूने मागेच सांगितलं होतं, तरी राहीने ते खरं मानलं नव्हतं.

आनंद व्हायला हवा होता. तिला उलट फसल्यासारखं झालं. एवढ्यासाठी जीभ दातांत धरून झिजवली? काथ्या, उवा, भात जास्त शिजला, मांजर कुठे गेलं. पंधरा दिवस ती रोज ऐकत राहिली आणि करणी सोडाच, साधी कागाळीही सापडेना. तिने टेकडीकडे जाणं सोडलं. सखूने कुणाकरवी तरी विचारपूस केली, तर पाय दुखतोय म्हणून सांगितलं. शिकलेलं आठवडाभरात ओसरायला लागलं आणि तिला त्याची खंत वाटली नाही.

चैत्र संपता संपता एका सकाळी ती विहिरीवरून घागर घेऊन येत होती. परसातून मालनचा आवाज आला, आणि त्यात एक शब्द होता जो सखूने समुद्राकडे बोट दाखवून शिकवला होता. थिंबॉ. आगबोट. राही जागीच थांबली. कमळाने काहीतरी विचारलं. मालन म्हणाली, "अफ्वागो मप्यॉ..." आणि नेमकी तेव्हाच काशीने वाटेवरून हाक मारली, "वैनी, पाणी सांडतंय!"

राही तशीच टेकडीकडे गेली.

"मप्यॉ म्हणजे काय?"

"पाय बरा झाला?" सखू म्हणाली. "कसा म्हणाली, वर की खाली?"

"म्हणजे?"

"वरचा असेल तर सांगणं. खालचा असेल तर सुखात असणं. आणि शेवट? नॅ होता की बू? नॅ असेल तर सांगू नको. बू असेल तर सुखात नाही."

आजीला सांगू नको. आजी सुखात नाही. राहीला आवाज वर होता की खाली ते आठवेना, आणि शेवट तर काशीने खाल्ला होता. तिने दोन्ही वाक्यं पाचदहा वेळा म्हणून बघितली. सखू हातातलं काम सोडून तिच्याकडे बघत होती, पण आज ती हसली नाही.

त्या दिवसापासून राही रोज जाऊ लागली. आता तिला शब्द नको होते, शेवट हवे होते. गेलो, जाणार, जाऊ नको, गेलो असतो. वाक्याची शेपटी कुठे वळते ते ऐकायला हवं होतं. ती उन्हातान्हात टेकडी चढे, सखूला दमवी, आणि घरी येऊन कान देऊन बसे. एका दुपारी फणसाखालच्या बोलण्यातून सगळं स्पष्ट झालं. पालीची जनी म्हणून एक बाई रंगूनला नवऱ्याकडे परत चालली होती. पूर्वी ती तिथे राहिलेली, भाषा जाणणारी. हंगामातल्या शेवटच्या बोटीने ती निघणार होती, आणि मालन कमळाला घेऊन तिच्याबरोबर जाणार होती. अफ्वागो मप्यॉ नॅ. आजीला सांगू नको.

म्हणजे संशय खरा होता! राहीला आधी वाटलं ते हेच. मग तिच्या मनात आलं, ही दिवसभर घरातच असते, हिची आणि जनीची गाठ कुणी घालून दिली? गावात दोघींची भाषा जाणणारी एकच बाई होती.

"तू!" ती सखूच्या पडवीत उभी राहून ओरडली. "माझा जवळा खाल्लास आणि माझीच नात पळवायला मदत केलीस?"

"तू बाजारात गेलेली असताना ती बोट विचारायला आली, मी सांगितली," सखू म्हणाली. "तू शब्द विचारायला आलीस, ते दिले. ती इथे येते का, हे तू कधी विचारलंस?"

"मी शिकते हे तिला सांगितलंस?"

"तिनेही नाही विचारलं." सखूने हातातलं पान बाजूला ठेवलं. "ती इथे येऊन काय म्हणाली सांगू? म्हणाली, सासू माझ्याशी बोलत नाही, नुसती मागे उभी असते. भिंतीआड, दाराआड. मला भीती वाटते, एक दिवस पोरगी ठेवून घेईल आणि मला हाकलून देईल. ती शेजारीण हातवारे करून तेच सांगते म्हणे. आणि नवऱ्याचा निरोप नाही शिमग्यापासून. तिला वाटतं तू दडवतेस."

"मी कशाला दडवू? मलाच नाय निरोप!"

"मग हे तिला सांगायला तुला आता शब्द कमी नाहीत."

राही तणतणत घरी आली, पण बोलली नाही. रोज ठरवायची आणि रोज तोंडाला कुलूप. बोलायला तोंड उघडलं की इतके महिने आपण चोरून ऐकत होतो हे उघडं पडणार होतं. त्यातच दिवस गेले आणि शेवटच्या बोटीचा दिवस आला.

समुद्र आदल्या दिवसापासूनच फुगला होता. सकाळी आगबोटीची शिट्टी झाली. राही परसातून आत आली तर मालन डोक्यावर फडकं बांधून, एका हातात बोचकं आणि दुसऱ्या हातात कमळाचं मनगट धरून मागच्या दारात होती. सासूला बघून तिने पोरीला पाठीमागे ओढलं.

राहीने हे कितीदा तरी घोकलं होतं. तरी आवाज भलतीकडेच चढला. "मथ्वा नॅ," ती म्हणाली. जाऊ नको.

कमळा खुदकन हसली. मालनचा चेहरा पांढरा पडला. मग तिने जे विचारलं ते राहीला शब्द न् शब्द कळलं. "कधीपासून कळतं तुला?"

"शिमग्यापासून," राही म्हणाली. "सगळं नाही. पुष्कळ."

मालनच्या डोळ्यांत जे आलं ते ओळखायला भाषा लागत नव्हती. फणसाखालचं जे एवढंसं तिचं तिचं होतं, तेही या बाईने भिंतीला कान लावून चोरलं होतं. ती बोचकं सावरून चालायला लागली.

राही मागोमाग गेली. वाळूवर पडाव उभे होते, लाटा त्यांना पार वरपर्यंत ढकलत होत्या. पालीची जनी एका पडावात बसलेली होती आणि हात करत होती. राहीने कमळाला धरलं नाही, मालनचीही वाट अडवली नाही. ती बाजूला उभी राहिली आणि बोट पाण्याकडे करून, अडखळत, जेवढे होते तेवढे शब्द एकापुढे एक ठेवले. "माझा माणूस. पडाव. हे पाणी. मेला. जायचं तर जा. मी पोरीला उचलून बसवते. पण हे पाणी."

पडाववाला ओरडत होता. मालनने लाटांकडे बघितलं, राहीकडे बघितलं. ही खरं सांगते की मला अडवायला रचते, हे तिला कळायचा काही मार्ग नव्हता. तिने कमळाला उचलून छातीशी घट्ट धरलं, दोन पावलं पाण्यात गेली, लाट मांडीपर्यंत आली. मग ती मागे फिरली आणि ओल्या वाळूत बसली.

पडाव जनीला घेऊन गेला. दोनदा नाक वर करून आपटला, आणि सुखरूप बोटीला लागला. जनी शिडी चढताना किनाऱ्यावरून स्पष्ट दिसली. मालनने मान वळवून सासूकडे बघितलं. खोटारडी, असं ते बघणं होतं. पडाव बुडावा असं तर राही म्हणू शकत नव्हती.

पावसाचे पहिले काही आठवडे मालन एक शब्द बोलली नाही. मराठीत नाही, ब्रह्मीतही नाही. कमळाशीही राहीसमोर बोलेना. राहीने आता भिंतीआड उभं राहणं सोडलं. परसात जायचं असलं की आधी मोठ्याने खाकरायची. हरिश्चंद्राचा निरोप नाही, मलाही नाही, हे तिने चुकतमाकत तीनतीनदा सांगितलं. मालनने मान हलवली, पण विश्वास ठेवला असं वाटलं नाही. मग एक दिवस पावसात भिजत ती सखूकडे गेली आणि परत आली ती उंबऱ्यातच उभी राहिली.

"त्याचं नाव रावजी?" तिने विचारलं.

राहीने मान डोलावली.

"किनाऱ्यावर सांगितलंस तेव्हा 'मेला' चुकीचं म्हणालीस," मालन म्हणाली. "आवाज खाली ठेवायचा. म्हण."

राहीने म्हटलं. मालनने पुन्हा म्हणायला लावलं. नवऱ्याचं मरण ती त्या दिवशी इतक्या वेळा म्हणाली की शेवटी तिला रडू आलं, आणि मालन आत जाऊन चुलीवर पेज ठेवून आली. चुलीला ती पहिल्यांदाच शिवली. राही ती पेज प्यायली.

संशय गेला असं म्हणता येणार नाही. मालन कमळाला घेऊन शेजारी गेली तरी राहीचं लक्ष बोचक्याकडे जाई, आणि राही दाराआड दिसली की मालन बोलणं अर्धवट सोडी. पण आता दोघी एकमेकींना तोंडावर विचारू लागल्या. "काय म्हणालीस आत्ता?" याला उत्तर मिळे, कधी खरं, कधी फटकळ. काशीने एकदा पायरीवरून विचारलं, "वैनी, ही काय बरळते गो?" राही म्हणाली, "तू रोज पायरीवरच का उभी राहतेस, असं विचारते." काशी त्या दिवशी पडवीत येऊन बसली.

नारळी पुनवेनंतर पहिल्या बोटीने निरोप आला. हरिश्चंद्र हिवतापाने महिनोन्महिने पडून होता, आता बरा होता आणि बायकोला बोलावत होता. कार्तिकात राहीने दोघींना स्वतः पडावात बसवलं. मालन जाताना पाया पडली, आणि उठताना म्हणाली, "परत येईन. खरं सांगते." राहीने तिच्याकडे निरखून बघितलं. खरं असेल असं तिला वाटलं, पण ती म्हणाली, "बघू."

त्यानंतर शिकण्याचं काही कारण राहिलं नव्हतं. घरात ऐकण्यासारखं कुणी नव्हतं. तरी राही टेकडीच्या पायथ्याला जातच राहिली. का, ते तिने स्वतःला विचारलं नाही. सखू म्हातारी होत चालली होती आणि आता दोघी शिकण्यापेक्षा गप्पाच जास्त मारत. राजवाड्यातल्या, मांडवीतल्या, सुनांच्या. मालन तीन वर्षांनी येऊन गेली, पुन्हा दोन वर्षांनी. प्रत्येक खेपेला ती सासूचे उच्चार सुधारी, आणि राहीचे जुन्या राजवाडी वळणाचे शब्द ऐकून कमळा लोळण घेऊन हसे.

१९३७ साली सखू तापाने पडली. ताप डोक्यात चढला आणि तिचं मराठी साफ गेलं. डोळे मिटून ती सारखी ब्रह्मीत बोलत होती, रागाने, तावातावाने. शिवा आणि त्याची बायको घाबरून गेली. इतकी वर्षं घरात वागवलेली म्हातारी मरताना शाप देते, असं त्यांच्या मनाने घेतलं. शिवा राहीला बोलवायला आला.

राही तिच्या उशाशी बसली, हात हातात घेतला, बराच वेळ ऐकलं, मधून मधून उत्तर दिलं. सखूचा आवाज थोडा निवळला.

"आम्हाला शिव्या देते ना?" शिवाने दारातून विचारलं. "खरं सांग."

"शिव्याच आहेत," राही म्हणाली. "पण तुम्हाला नाय. राजवाड्यावर कुणी मुदपाकखान्याची मुकादमीण होती, तिने हिला लहानपणी उपाशी ठेवलं होतं. तिला देते. मला तीच समजली होती आधी."

शिवाने तिच्या तोंडाकडे रोखून बघितलं. इतक्या वर्षांचा राग असा कुणा मुकादमिणीवर जाईल हे त्याला पटत नव्हतं. "तू झाकतेस," तो म्हणाला. "कशावरून खरं मानू?"

राहीला त्याचा राग आला नाही. तो कुठे उभा होता ते तिला ठाऊक होतं.

"विश्वास नाय तर शीक," ती म्हणाली. "मी शिकवते." आणि ती पुन्हा सखूकडे वळली, कारण म्हातारी काहीतरी विचारत होती आणि तिला उत्तर हवं होतं.